कोळशावरील कर : भार कोणाचा, पैसा कोणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने मोटारी, दूरचित्रवाणी संच, साबण आणि विमा यांच्या स्वस्ताईने भरून गेले होते. ते स्वाभाविकच होते. सणासुदीच्या तोंडावर मध्यमवर्गीय कुटुंबाला याच गोष्टींचे औत्सुक्य असणार. त्या गर्दीत एक बदल मात्र जवळजवळ कोणाच्याच नजरेत भरला नाही. कोळशावर टनामागे ४०० रुपयांचा जो उपकर घेतला जात होता तो त्या दिवसापासून रद्द झाला, आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. वरवर पाहता हा करपत्रकातील एका ओळीचा फेरफार. प्रत्यक्षात, ज्याला कार्बन कराच्या सर्वांत जवळचा म्हणता येईल असा या देशातील १५ वर्षांचा प्रयोग त्या दिवशी संपुष्टात आला. आणि तो कशासाठी सुरू झाला होता व त्याने काय साधले, याचा हिशेब फारसा कोणी मागितला नाही.

तो मागणे अगत्याचे आहे. कारण कार्बन करामुळे खाण उद्योग बुडतो, मजूर देशोधडीला लागतात, असे एका बाजूने सांगितले जाते. आणि हा कर लावला की काळा धूर आपोआप ओसरतो, असे दुसऱ्या बाजूने. भारतातील कोळशाच्या बाबतीत या दोन्हींपैकी काहीच घडलेले नाही. जे घडले ते निराळेच आहे आणि त्याचा संबंध चंद्रपूर, वणी, उमरेडच्या माणसाशी जितका आहे तितकाच दरमहा विजेचे देयक भरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कारकुनाशीही आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असतो. एखाद्या उत्पादनाचा जो उपद्रव तिसऱ्याच माणसाला सोसावा लागतो तो उत्पादकाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. म्हणून सरकारने त्या उपद्रवाएवढा कर बसवून तो जमाखर्चात आणावा, म्हणजे किंमत खरे बोलू लागेल. २०१० च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी जो ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ आणला त्याच्या मुळाशी हाच विचार होता. १ जुलै २०१० पासून देशी आणि आयात अशा दोन्ही प्रकारच्या कोळशावर, तसेच लिग्नाइटवर, टनाला ५० रुपये आकारले जाऊ लागले. पुढे सरकार बदलले तरी धोरण बदलले नाही, उलट त्याची गती वाढली. अरुण जेटली अर्थमंत्री असताना हा दर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. सहा वर्षांत आठपट वाढ झालेला दुसरा कर शोधून काढणे कठीण आहे.

तथापि ‘आठपट’ या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते, तरीही एक टन कोळसा जळाला की ढोबळ मानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे टन कोळशाला ४०० रुपये हा दर टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे २६५ रुपये पडला. युरोपच्या उत्सर्जन-परवाना बाजारात २०२५ साली तेवढ्याच वायूला सत्तर युरोच्या आसपास, म्हणजे सुमारे सात हजार रुपये मोजावे लागत होते. घराच्या दृष्टीने पाहायचे तर कोळशावरील विजेच्या एका युनिटला सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. उपकराचा वाटा युनिटला २४ ते २८ पैसे झाला. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला, त्याची सारी वीज कोळशाचीच आहे असे धरले तरी, यापोटी पंचवीस-तीस रुपयांहून अधिक तोशीस नव्हती. हे कुटुंब कर भरीत आहे याची त्याला कल्पनाही नव्हती, कारण विजेच्या देयकात त्याची वेगळी ओळ कधीच नव्हती.

खाणी ओस पडल्या नाहीत

या कराने खाण उद्योगाचे काय झाले? उपकर लागू झाला त्या वर्षी, म्हणजे २०१०-११ मध्ये, देशाचे कोळसा उत्पादन सुमारे ५३३ दशलक्ष टन होते. २०२४-२५ मध्ये ते १ हजार ४७ दशलक्ष टनांवर गेले. कोल इंडिया या सरकारी कंपनीचे उत्पादन याच काळात ४३१ वरून ७८१ दशलक्ष टनांवर पोहोचले. कर आठपट झाला आणि उत्पादन जवळजवळ दुप्पट! कराने उद्योग बुडतो असे म्हणणाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर देतात. पण करानेच प्रदूषण घटते असे म्हणणाऱ्यांनाही ते तितकेच अडचणीचे आहेत.

याचे कारण ‘करभार कोणावर पडतो’ या जुन्या प्रश्नात आहे. कर ज्याच्याकडून वसूल केला जातो तोच तो सोसतो असे नाही. ज्याला पळवाट नाही त्याच्या माथी तो अखेरीस बसतो. कोल इंडियाने हा उपकर आपल्या नफ्यातून भरला नाही. तो किमतीवर चढवून ग्राहकाकडून घेतला. ग्राहक म्हणजे मुख्यतः औष्णिक वीज केंद्रे. त्यांना कोळशावाचून गत्यंतर नाही. बॉयलर कोळशासाठी बांधलेला, मालगाडीचा फाटा खाणीपासून आलेला, आणि आयात कोळसा बहुधा महाग. वीज केंद्रांनी तो वितरण कंपन्यांवर ढकलला, कारण वीजखरेदीच्या करारांत ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली नव्या कराची भरपाई मागण्याची सोय असते आणि नियामक आयोग ती मान्य करतात. वितरण कंपनीने तो शक्य तेवढा ग्राहकावर टाकला, उरलेला आपल्या तोट्यात जिरवला. आणि तो तोटा राज्य सरकारच्या, म्हणजे फिरून करदात्याच्याच, गळ्यात पडला. या साखळीत कोठेही असा मनुष्य नव्हता की ज्याने कर वाढला म्हणून कोळसा कमी जाळायचे ठरवावे आणि ते ठरवण्याचा त्याला लाभ व्हावा. किंमत खरे बोलली असेल. ऐकणारे कोणी नव्हते.

आणि मजूर? मार्च २०१० अखेर कोल इंडियाच्या पटावर सुमारे ३ लाख ९७ हजार माणसे होती. मार्च २०२४ अखेर ती २ लाख २९ हजारांच्या आसपास उरली. हे आकडे उपकराच्या तक्त्याशेजारी मांडून कोणी ‘कराने नोकऱ्या खाल्ल्या’ असा निष्कर्ष काढील तर तो शुद्ध भ्रम ठरेल. त्याच काळात उत्पादन ऐंशी टक्क्यांनी वाढले आहे. नोकऱ्या गेल्या त्या भूमिगत खाणी मागे पडून ओपनकास्ट खाणींचे राज्य आले म्हणून, अजस्र फावडी आणि शंभर टनी डंपर आले म्हणून, आणि निवृत्त झालेल्या कायम कामगाराची जागा ठेकेदाराच्या माणसाने घेतली म्हणून. वर्धा खोऱ्यातील वेकोलिच्या कोणत्याही जुन्या वसाहतीत ही गोष्ट सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज पडत नाही.

एका बाबतीत मात्र उपकराने खाणींमध्ये भेद केला, आणि तो न्याय्य नव्हता. कर वजनावर होता. कोळशातील उष्णतेवर वा कार्बनवर नव्हता. उत्तम प्रतीच्या टनाला ४०० आणि राखेने भरलेल्या हलक्या टनालाही ४००. हलका कोळसा स्वस्त असल्याने त्याच्या किमतीच्या मानाने हा भार फारच मोठा झाला. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने दिलेल्या हिशेबानुसार सर्व कर आणि आकार मिळून जी-२ या उच्च प्रतीवर मूळ किमतीच्या सुमारे ३६ टक्के बोजा पडत असे, तर वीज केंद्रांत सर्रास जाणाऱ्या जी-११ या प्रतीवर तो सुमारे ६६ टक्के होता. परदेशातून येणारा जास्त उष्णतेचा कोळसा तेवढ्याच विजेसाठी कमी टन लागतो, म्हणून त्यालाही कर कमी पडे. हवेसाठी बसवलेला कर अशा रीतीने देशी खाणीच्या विरुद्ध आणि आयातीच्या बाजूने झुकला. आता सर्व प्रतींवर हा बोजा एकसारखा, सुमारे ४० टक्के, झाला आहे. तेवढ्यापुरती नवी व्यवस्था अधिक समंजस आहे हे मान्य केले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचा धडा

कार्बन कराने खाणी बुडतात हा आक्रोश सर्वांत मोठ्याने ऐकू आला तो ऑस्ट्रेलियात, आणि त्या देशाचा अनुभव येथे पडताळून पाहण्यासारखा आहे. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने १ जुलै २०१२ पासून टन कार्बन डायऑक्साइडला २३ ऑस्ट्रेलियन डॉलर असा दर लावला. विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी या कराने दक्षिण ऑस्ट्रेलियातील व्हायअला हे पोलादाचे गाव नकाशावरून पुसले जाईल असे भाकीत केले होते. कर दोन वर्षे टिकला. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲबट निवडून आले आणि जुलै २०१४ मध्ये त्यांनी तो रद्द केला.

त्या दोन वर्षांत ऑस्ट्रेलियाची कोळसा निर्यात घटली नाही, वाढली. याचे एक कारण बारकाईने पाहण्याजोगे आहे. जपान, चीन किंवा भारतात जळणाऱ्या कोळशाच्या धुरावर हा कर नव्हताच. खाणीतून निसटणारा मिथेन वायू आणि खाणीत वापरलेली वीज व इंधन एवढ्यावरच तो पडत होता. बहुतेक खाणींना तो टनामागे अल्पसा खर्च होता. ज्या खाणींत मिथेनचे प्रमाण जास्त, त्यांच्यासाठी सरकारने सुमारे १.३ अब्ज डॉलरचे साहाय्य वेगळे काढले होते. परंतु कोल इंडियाप्रमाणे हा खर्च गिऱ्हाइकावर ढकलण्याची सोय ऑस्ट्रेलियन खाणमालकाला नव्हती. जागतिक बाजारात भाव ठरवणारा तो नव्हे. जो भाव मिळेल तो त्याने घ्यायचा. म्हणून तेथे कराचा भार बव्हंशी त्याच्या नफ्यावर पडला, आणि म्हणूनच आरडाओरडाही तेथे मोठा झाला. एकच कर एका देशात विजेच्या ग्राहकावर जाऊन बसतो आणि दुसऱ्या देशात भागधारकावर. फरक कराचा नसून बाजाराच्या रचनेचा आहे.

ऑस्ट्रेलियन खाणींना खरा तडाखा बसला तो बाजारभावाचा. न्यूकॅसल बंदरावरील औष्णिक कोळशाचा भाव २०११ च्या आरंभी टनाला १३० अमेरिकी डॉलरच्या आसपास होता. कर रद्द झाला त्या सुमारास तो सत्तरच्या घरात घसरला होता. टनामागे साठ डॉलरची ही घसरण सोसून उद्योग उभा राहिला, आणि त्याच्यापुढे नगण्य अशा कराविरुद्ध मात्र त्याने रान उठवले. व्हायअलाचे काय झाले? तेथील पोलाद कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकाच्या हाती गेली, आणि मालक बदलल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा गेली. दोन्ही वेळा कार्बन कर अस्तित्वात नव्हता.

गिलार्ड सरकारने एक गोष्ट शहाणपणाची केली होती. कराचे उत्पन्न लोकांना डोळ्यांना दिसेल अशा रीतीने परत दिले. प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा ६ हजार डॉलरवरून १८ हजार २०० वर नेली, निवृत्तिवेतन वाढवले. कर गेला, पण ती मर्यादा गेली नाही. विजेच्या क्षेत्रातील उत्सर्जन त्या दोन वर्षांत घटले, आणि कर उठल्यावर पुन्हा वाढले. शेवटी तोच विचार निराळ्या दाराने परत आला. २०२३ पासून तेथील सुमारे २१५ मोठ्या प्रकल्पांना, ज्यांत कोळसा खाणीही आल्या, उत्सर्जनाची मर्यादा दरवर्षी ४.९ टक्क्यांनी खाली आणणे बंधनकारक करण्यात आले आहे.

जमा झालेले ८६ हजार कोटी

आपल्याकडे जमा झालेल्या पैशाचे काय झाले, हा सर्वांत कटू भाग आहे. उपकराच्या उत्पन्नातून ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ उभारला गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरापोटी सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी या निधीत पोहोचले सुमारे २९ हजार ६४५ कोटी, आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्ची पडले जेमतेम १५ हजार ९११ कोटी. शंभर रुपये घेतले. ज्या कामासाठी घेतले त्यावर अठरा रुपये खर्च केले. उरलेले सर्वसाधारण तिजोरीत विरघळले. त्या अठरांतलेही काही गंगा शुद्धीकरणासारख्या, चांगल्या असल्या तरी ऊर्जेशी संबंध नसलेल्या, कामांना गेले. सौर वीज याच काळात स्वस्त झाली हे खरे. पण त्याचे मुख्य श्रेय चीनमधील कारखान्यांनी पाडलेल्या सौर पट्ट्यांच्या भावाला आहे, या निधीला नव्हे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि उपकराचे नाव व हेतू दोन्ही बदलले. दर तोच, टनाला ४०० रुपये. पण आता तो राज्यांचे महसुली नुकसान भरून काढण्यासाठीचा ‘भरपाई उपकर’ झाला. भरपाईची पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. परंतु महामारीच्या दोन वर्षांत राज्यांसाठी केंद्राने सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचे कर्ज काढले होते. ते फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. स्वच्छ हवेसाठी सुरू झालेला कर अशा रीतीने कर्जफेडीचे साधन बनून राहिला, आणि एक दिवस कर्जफेडीच्या हिशेबात त्याची गरज उरली नाही म्हणून गेला. तो जात असताना पर्यावरणाचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही, कारण त्या प्रश्नाशी असलेले त्याचे नाते आठ वर्षांपूर्वीच तुटले होते.

नव्या व्यवस्थेत एक मेख आहे. ४०० रुपयांचा उपकर भरणाऱ्या पोलाद किंवा सिमेंट कारखान्याला त्याची वजावट आपल्या मालावरील करातून मिळत नसे; तो निखळ खर्च होता. वस्तू व सेवा कराचे तसे नाही. कारखानदार कोळशावर १८ टक्के भरील आणि आपले पोलाद विकताना जो कर द्यायचा त्यातून ते वळते करून घेईल. माल निर्यात केला तर परतावा मागील. म्हणजे मोठ्या उद्योगाच्या दृष्टीने कोळशावरील हा कर शून्यावर आला. वीज मात्र वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. वीज केंद्राने कोळशावर भरलेल्या १८ टक्क्यांना कोठेच वजावट नाही. ते वीजदरात मुरतात. वीज केंद्रांचा भारही एकंदरीत उतरला आहे, सरासरीने टनाला २६० रुपये, म्हणजे युनिटला १७ ते १८ पैसे. पण उरलेला जो कर आहे तो आता घरगुती दिवा, शेतीचा पंप आणि शाळेचा पंखा यांच्याच वाट्याला आहे. पोलादाच्या भट्टीला त्यातून सुटका मिळाली. धूर भट्टीचाही तितकाच काळा असतो, हे सांगायला नको.

हे घडले त्यानंतर सुमारे शंभर दिवसांत, १ जानेवारी २०२६ पासून, युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी प्रत्यक्ष वसुलीच्या टप्प्यात आली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते हा माल युरोपात नेणाऱ्या आयातदाराला त्या मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनाचे दाम तेथे मोजावे लागतात. ज्या देशात माल तयार झाला तेथे कार्बनची किंमत आधीच दिली असेल तर ती वजा करण्याची तरतूद त्या नियमांत आहे. भारताचा जुना उपकर अशा वजावटीस पात्र ठरला असता असे नाही. तो उत्सर्जन मोजून घेतला जात नव्हता आणि त्याचा हेतूही केव्हाच बदललेला होता. पण तो कार्बनच्या मापावर आणून पात्र करता आला असता, हा मुद्दा आहे. जो पैसा येथील सरकारला येथील खाणपट्ट्यासाठी घेता आला असता, तोच आता ब्रसेल्सच्या हिशेबात जमा होण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन पत-व्यापाराची योजना अधिसूचित केली असून सिमेंट, ॲल्युमिनियम आदी उद्योगांना उत्पादनाच्या टनामागे उत्सर्जनाची लक्ष्ये ठरवून देण्यास आरंभ झाला आहे. दिशा योग्य आहे. परंतु देशातील सर्वांत अधिक कोळसा जाळणारी औष्णिक वीज केंद्रे तिच्या पहिल्या कक्षेत घेतलेली नाहीत.

खाणपट्ट्याच्या वाट्याला काय?

नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या पट्ट्यात वेकोलिच्या खाणी आहेत. २ हजार ९२० मेगावॅटचे चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र आणि कोराडी, खापरखेडा ही केंद्रे याच कोळशाच्या भरवशावर उभी राहिली. मुंबईची लोकल आणि पुण्याची कारखानदारी ज्या विजेवर चालते तिचा मोठा हिस्सा येथे जन्माला येतो. राख, धूळ आणि खोल गेलेल्या विहिरी मात्र येथेच राहतात. हजार रुपये किमतीच्या टनाचे उदाहरण घेतले तर त्याची वाटणी अशी होती : केंद्राचा उपकर ४०० रुपये, १४ टक्क्यांप्रमाणे राज्याचे स्वामित्वधन १४० रुपये, आणि २०१५ च्या कायद्यानुसार जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, म्हणजे ४२ रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला. उपकराच्या ४०० रुपयांतून जिल्ह्याला हक्काने एक पैसाही मिळण्याची तरतूद नव्हती. घटनेप्रमाणे उपकराचे उत्पन्न राज्यांत वाटावे लागत नाही. आणि उपकर हा प्रकार सर्वच केंद्र सरकारांना इतका प्रिय का, याचे उत्तरही तेथेच आहे.

उपकराऐवजी आलेला कर निदान वाटला जाईल, असे म्हणता येईल. ते खरे आहे. पण वस्तू व सेवा कराचा राज्याचा हिस्सा माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो, जेथे खणला जातो त्या राज्याला नव्हे. महाराष्ट्राला याची झळ कमी, कारण येथील बराच कोळसा येथेच जळतो. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड यांचे तसे नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसविण्याचा राज्यांना अधिकार आहे, असा निर्णय दिला. झारखंडने त्याच वर्षी तसा कायदा केला. म्हणजे दिल्लीने सोडलेली जागा आता राज्ये आपापल्या परीने भरू लागतील. आणि त्यांचा कर हा कार्बनच्या विचारातून नव्हे, तर रिकाम्या तिजोरीच्या विवंचनेतून आलेला असेल.

विदर्भापुढील प्रश्न उत्पन्नाच्या वाटणीहून अधिक निकडीचा आहे. वेकोलिच्या अनेक खाणी जुन्या आहेत आणि त्यांतील भूमिगत खाणी तोट्यात चालतात. पुढल्या काही दशकांत, कर असो वा नसो, यांतील कित्येक बंद होणार. कोळसा संपून होतील, किंवा सौर विजेपुढे टिकाव न लागून होतील. त्या दिवशी कायम कामगाराला त्याचा भविष्यनिर्वाह निधी मिळेल. ठेकेदाराच्या डंपरवरचा चालक, खाणीच्या फाटकासमोरचा चहावाला, टायर दुरुस्त करणारा, वसाहतीतील मुलांची शिकवणी घेणारा पदवीधर, यांना काय मिळेल? खाण बंद करण्यासाठी कंपनीने जी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची असते ती मुख्यत्वे खड्डे बुजवणे, माती भरणे आणि झाडे लावणे यासाठी. माणसांच्या पुनर्बांधणीसाठी राहिला तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी. तो येतो स्वामित्वधनातून, आणि स्वामित्वधन येते खणलेल्या टनातून. उत्पादन भरभरून असते त्या वर्षांत या निधीतून रस्ते, सभागृहे आणि कमानी उभ्या राहतात. आणि ज्या वर्षी खाणीतून शेवटचा टन निघेल, त्याच वर्षी प्रतिष्ठानाच्या खात्यात येणारा तिचा शेवटचा रुपयाही जमा झालेला असेल.